मावशी, सगळं उडव!

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरला राहते. नऊ वर्षांपूर्वी मुलगी शिकायला पुण्याला गेली. तिला शेवभाजी फोनवर सांगून सांगून कंटाळले आणि शेवटी एक वेबसाइट उघडून लिहूनच ठेवली. तिथून सुरुवात झाली. आज ३४० लेख आहेत. निम्म्याहून जास्त खान्देशी पदार्थ, बाकी सण, घर, प्रवास, साड्या, केसांची निगा असं 'लाइफस्टाइल'. आता साइट जुनाट दिसते. मोबाइलवर उघडायला वेळ लागतो, मेनूत चौदा विभाग झालेत, सुरुवातीचे फोटो ट्यूबलाइटखाली काढलेले, पिवळे. भाचा पुण्यात कंपनीत आहे. तो म्हणतो, "मावशी, सगळं उडव. नवं नाव घे, इंग्रजीत कर, आठ दिवसांत उभी करून देतो." 'मन्ही मायना हातनं' (अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलीत, 'माझ्या आईच्या हातचं') हा माझा विभाग त्याला 'ट्रॅडिशनल रेसिपीज' करायचाय. दुसऱ्या एका डिझायनरने साठ हजार सांगितले. उडवावं की डागडुजी करावी? जुन्या लेखांची लाजही वाटते आणि ते काढायचे म्हटलं की जीवही तुटतो.

एक वाचक, अमळनेर

उत्तर

ताई,

साइटचा पत्ता सोबत पाठवलात ते बरं केलंत. मी ती लॅपटॉपवर पाहिलीच नाही. परवा रविवारी आमच्याकडे रस होता. रस निघाला, परातीत कोयी उरल्या, तेव्हा जाऊबाईंना म्हटलं, आज फजिता, म्हणजे कोयी धुतलेल्या पाण्याची कढी, या बाईंच्या पद्धतीने करा. जाऊबाईंचा फोन चार वर्षांचा, काच तडकलेली आणि निम्मा 'शुभ सकाळ'च्या फुलांनी भरलेला. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन बसले आणि ठरवलं, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

आधी वरचा मोठा फोटो आला, वरून खाली, पट्टीपट्टीने. तो पुरता येतो न येतो तोच खालचा मजकूर टुणकन खाली सरकला आणि जाऊबाई ज्या ओळीवर बोट ठेवायला गेल्या होत्या तिथे भलतंच काही आलं. मग मधोमध एक चौकोन: 'नव्या लेखांची सूचना हवी का?' तो बंद करायची फुली इतकी बारीक की रसाने माखलेल्या अंगठ्याला सापडेना. शेवटी करंगळीने जमलं. साहित्याची यादी येईपर्यंत पाच परिच्छेद. साहित्य वाचून बाई कोयी धुवायला लागल्या, वळून बघतात तर स्क्रीन काळा. चिकट बोटाचा ठसा फोन ओळखेना. हात धुतले, पुसले, फोन उघडला, पान पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. चौथ्यांदा फोन पदराला पुसत त्या ओरडल्या, "मीठ केव्हा टाकायचं, लिहिलंय का नाही या बाईने?"

लिहिलेलं नाही. मी नंतर पाहिलं. साहित्यात मीठ आहे, कृतीत नाही.

पण मधल्या पाच परिच्छेदांतून अंगठा सरकवताना जाऊबाई एका जागी थांबल्या होत्या. कोय न धुता फेकणाऱ्या सुनेला तुमच्या आजेसासूबाई काय सुनवायच्या, ते तुम्ही लिहिलंय तिथे. ते त्यांनी मोठ्याने वाचलं, हसल्या, आणि आतल्या खोलीतल्या सासूबाईंना हाक मारून परत एकदा वाचून दाखवलं. भाचा जे 'सगळं' उडवायला निघालाय, त्यात तो परिच्छेदही जातो.

म्हणून माझं उत्तर डागडुजी. तुमच्या भागात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरं अजून असतील. पावसाळ्याच्या तोंडावर गळकी जागा हेरून धाब्यावर माती टाकतात, चोपतात. धाबं गळतंय म्हणून कुणी भिंती पाडत नाही. तुमचं धाबं गळतंय हे खरं, आणि चांगलंच गळतंय. भिंती मात्र धड आहेत.

वेबसाइटच्या भिंती म्हणजे तिच्या एकेका पानाचे पत्ते. नऊ वर्षांत कुणी तुमच्या खापरावरच्या मांड्यांच्या पानाचा पत्ता लेकीला पाठवला असेल, कुणी सुरतेच्या बहिणीला, कुणी फोनमध्ये खूण करून ठेवला असेल; गूगलने तर नोंदवलेलाच आहे. पान उडवलं किंवा पत्ता बदलला की या सगळ्यांना एकच उत्तर मिळतं: ४०४, पान सापडलं नाही.

हे मी स्वतः भोगलंय. माझीही एक साइट होती, वाळवणाची. ज्याला काम दिलं तो मुलगा म्हणाला, पत्ते जरा सुटसुटीत करू. नवा चेहरा छान दिसत होता, मी हो म्हटलं. एका रात्रीत सगळे पत्ते बदलले आणि दिवस कोणते, तर बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी भिजत घालायचे. वर्षभर वाट पाहिलेले वाचक नेमके तेव्हाच येत होते आणि कोऱ्या पानावर आपटून परत जात होते. मला पत्ता नाही. तीन आठवड्यांनी मावशीचा फोन आला, "बिबड्यांचं का गं काढून टाकलंस?" तेव्हा कळलं. वाचक पूर्वीइतके व्हायला पुढचं वाळवण उजाडलं.

उपाय अगदी साधा होता. जुन्या पत्त्यावर पाटी लावायची: बिऱ्हाड कायमचं हललं, नवा पत्ता हा. या पाटीचा नंबर ३०१. ३०२ नंबरची पाटी तात्पुरत्या मुक्कामाची असते. घाईत काम करणारे पुष्कळदा तीच लावून मोकळे होतात, तेव्हा नंबर विचारून घ्या. गूगल सांगतं की पाटी निदान वर्षभर ठेवा. मी म्हणेन, साइट आहे तोवर ठेवा, तिला काही भाडं पडत नाही. आणि त्याहून बरं म्हणजे पत्ते बदलूच नका.

इथे तुमच्या साइटची एक गंमत सांगते. मांड्यांच्या लेखाचं शीर्षक आहे 'आखाजीसाठी खापरावरचे मांडे कसे करावेत' (आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया), पण त्याचा पत्ता 'मांड' या अक्षरांवर संपतो. मात्रा गेली, 'कसे करावेत' गेलं. झालंय असं: वर्डप्रेस, म्हणजे तुमची साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर, शीर्षकावरून आपोआप पत्ता बनवतं आणि त्याला २०० खुणांची जागा देतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ खुणा खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. बावीस चिन्हांत खेळ आटोपतो. मनातले मांडे ऐकले होते, पत्त्यातले मांड पहिल्यांदाच पाहिले. जुने पत्ते असे तुटके असले तरी तसेच राहू द्या. पत्ता कुणी वाचत नाही, दाबतात. इथून पुढच्या लेखांना मात्र रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा आखूड पत्ता हाताने द्या.

आता कामाचा क्रम. भाच्याला फोन करायच्या आधी दोन संध्याकाळी वही घेऊन बसा. त्याच्याही आधी साइटची पूर्ण नक्कल काढून स्वतःच्या डिस्कवर ठेवा. नुसते फोटो पुरत नाहीत, डेटाबेसही हवा, कारण लिखाण सगळं त्यात असतं. ती नक्कल दुसरीकडे उघडून मराठी नीट दिसतंय ना ते डोळ्यांनी पाहा. मजकूर इकडून तिकडे नेताना अक्षरसंच चुकला तर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या होतात. तशी प्रश्नचिन्हं एकदा साठवली गेली की त्यातून मूळ अक्षर परत काढता येत नाही. ३४० लेखांची प्रश्नपत्रिका होऊ देऊ नका.

मग गूगलचं सर्च कन्सोल उघडा. फुकट आहे आणि मागच्या १६ महिन्यांचा हिशेब देतं: कोणत्या पानावर लोक आले, काय शोधत आले. महिन्यांप्रमाणे पाहा. तुमचं पंचांग तुम्हाला तिथे दिसेल. थंडीत भरीत, मग वाळवण, मग आखाजीचे मांडे आणि रस, श्रावणात कानबाई देवीचे रोट. माझा अंदाज, ३४० पैकी चाळीसेक पानं तुमचं घर चालवत असतील. वहीत ती चाळीस आधी लिहा. दुरुस्ती तिथून सुरू होते.

दुसरी यादी जुळ्यांची करा. शेवभाजी तुमच्याकडे तीनदा आहे: साधी, 'झणझणीत' आणि 'ढाब्यासारखी'. तिन्ही वाचल्या. भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, काळा मसाला, शेव वाढायच्या वेळीच रश्श्यात सोडायची, हे तिन्हींत तेच. फरक तेलाचा. तिघींची मिळून एक घसघशीत शेवभाजी करा आणि उरलेल्या दोन पत्त्यांवर ३०१ची पाटी.

बाकी उरतील ते लेख आहेत तिथे राहू द्या. पहिल्या पानावर दिसायला नकोत इतकंच. तुम्हाला ज्यांची लाज वाटते ते २०-२५ मी वाचले. वाक्यं लांबलचक आहेत, मुद्रणदोष आहेत, 'खूपच टेस्टी' सोळा वेळा आहे. मुद्रणदोष काढा, 'टेस्टी' दोनावर आणा. त्यापलीकडे मला लाजण्यासारखं काही आढळलं नाही.

नावाचं. तुमच्याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढे तिने कॉम्प्युटरचा धंदा धरला आणि जगभर गेली. तूप मागे पडलं, पण त्या लांबलचक नावातली अक्षरं जोडून झालेलं नाव आजही पाटीवर आहे: विप्रो. तुम्ही तर अजून तूपच विकताय, म्हणजे पदार्थच सांगताय, मग नाव कशाला बदलता? हा दाखला भाच्याला द्या, तो त्याच धंद्यातला आहे, पटेल. तरीही नवं नाव घेतलंतच तर जुनं सोडू नका, दोन्हींचे पैसे दरवर्षी भरत राहा. सोडलेलं नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं, आणि मग तुमच्या फजित्याच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात निघते.

'मन्ही मायना हातनं' तर मुळीच काढू नका. त्याखाली बारीक अक्षरांत 'पारंपरिक खान्देशी पदार्थ' एवढी ओळ टाका. गूगलला हवे ते शब्द मिळतील आणि सुरतेत किंवा कल्याणात बसून फोन चाळणारी बाई वरच्या ओळीशी थांबेल. अहिराणी छापलेली पाहायची सवयच नाही आपल्याला, म्हणून ती दिसली की आधी आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. भाच्याच्या आईला विचारा, ती घरी काय बोलते.

इंग्रजीत करायचं का, हे मात्र त्याने अगदीच चुकीचं विचारलेलं नाही. सुरतेच्या खान्देशी वस्त्यांतली दुसरी पिढी गुजराती किंवा इंग्रजीत शिकते. मराठी समजते, बोलते, पण वाचायला वेळ लागतो. त्यांच्यासाठी त्या चाळीस पानांवर साहित्याची यादी इंग्रजीतही द्या आणि पदार्थाचं नाव रोमन लिपीत लिहा, एकाच नाही तर दोन-तीन स्पेलिंगांत, कारण 'शेव' आणि 'भाजी' दोन्हींची स्पेलिंगं लोक मनाला येतील तशी करतात. सगळी साइट यंत्राकडून भाषांतरित करायच्या भानगडीत पडू नका. 'कळणा' आणि 'बिबडं' यांचं यंत्र काय करील ते मला बघायचंही नाही.

मेनूतले चौदा विभाग पाचांवर आणा. 'स्टार्टर', 'मेन कोर्स', 'डेझर्ट' ही हॉटेलची वाटणी आहे. आपल्याकडे भरीत हे स्टार्टर का मेन कोर्स, सांगा बरं? थंडीत शेतात मांडी घालून बसलं की तेच सगळं असतं. तुमच्या हिशेबातच वर्षाची वाटणी पडलेली आहे: हिवाळा, वाळवण, आखाजी आणि रस, श्रावण ते दिवाळी, आणि रोजचं. 'मन्ही मायना हातनं' पहिल्या पानावर वेगळं झळकू द्या. विभागांनाही पत्ते असतात, तेव्हा पाटीचं तिथेही लक्षात ठेवा.

आता पदार्थाचं एक पान कसं असावं. वर एक फोटो. त्याखाली लगेच एक ठळक बटण, 'थेट कृतीकडे'. मग तुमचे परिच्छेद. पाचांचे तीन करा, पण आजेसासूबाईंना हात लावू नका. खाली चौकटीत साहित्य आणि कृती, आणि त्या चौकटीत स्क्रीन जागा ठेवायची कळ. ही सोय आताच्या बहुतेक ब्राउझरांत आहे आणि पाककृतींच्या चांगल्या प्लगइनांमध्ये, म्हणजे साइटला जोडायच्या पुरवण्यांमध्ये, तयार मिळते. ती दाबली की कोयी धुऊन होईपर्यंत फोन झोपत नाही. साठ हजारांतलं सगळं गेलं आणि एवढी कळ आली, तरी जाऊबाई तुम्हाला दुवा देतील.

माप मात्र प्लगइन देणार नाही. तुमच्या कळण्याच्या भाकरीत 'ज्वारी आणि अंदाजाने उडीद' असं आहे. अंदाज तुमच्या हाताला आहे, पुण्यातल्या मुलीच्या हाताला नाही. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद आणि मीठ घालून दळून आणतात. घरोघर फरक असेल, तुमचं असेल ते लिहा, पण आकड्यात लिहा. वाटी म्हणजे केवढी, तेही एकदा सांगून टाका. वेळ खरी लिहा. मसाला भाजण्यापासून धरली तर शेवभाजी पंधरा मिनिटांत होत नाही हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि करायला घेतलं की वाचणारीलाही कळतं. या चौकटीतली माहिती, म्हणजे वेळ, किती जणांना पुरेल, साहित्य, पायऱ्या, ही स्कीमा नावाच्या ठरलेल्या साच्यात भरली जाते. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ साली मिळून हा साचा काढला. प्लगइन ते आपोआप करतं. शोधात पदार्थाच्या नावाशेजारी फोटो आणि वेळ दिसते ती त्यामुळे.

अक्षरांवर जरा जास्त बोलते, कारण डिझायनर यात हमखास फसतात. साइटच्या रूपाचे तयार साचे (थीम) बहुतेक इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनतात. त्यात मथळ्यांना ऐटीसाठी अक्षरांमध्ये थोडं अंतर दिलेलं असतं. इंग्रजीत ते खुलतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि 'खान्देश' हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. भाच्याने तुमच्यासाठी पसंत केलेल्या नमुन्यात नेमकं हेच आहे, तुम्ही पाठवलेल्या चित्रात पाहा. ते अंतर शून्य करायला सांगा. दोन ओळींमधलं अंतर मात्र वाढवायला सांगा, कारण आपल्याला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार सांभाळायचे असतात. अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.७ पट हवं. फिकट राखाडी अक्षर नको. दुपारच्या उजेडात ओट्यापाशी ते दिसत नाही, आणि तुमच्या-माझ्या वयाला तर नाहीच.

फॉन्ट मुक्त परवान्याचा, युनिकोडमधला घ्या. 'मुक्ता', 'बालू', 'नोटो सान्स देवनागरी', कुठलाही चालेल, पण त्याची दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा मोठी असते. पाच-पाच वजनं लावली की पान जड होतं. आणि एक बारीकशी गोष्ट: साइटची भाषा मराठी आहे हे आतल्या सेटिंगमध्ये सांगितलंत, तर काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. कुणाला फरक पडत नाही म्हणतात. मला पडतो.

तुमचे सुरुवातीचे अकरा लेख जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप करून त्याचं चित्र चिकटवलेले आहेत. चित्रातला मजकूर शोधात सापडत नाही आणि मोबाइलवर वाचताही येत नाही. ते मात्र नव्याने टाइप करा. अकराच आहेत, मुलीला सुट्टी असेल तेव्हा बसवा.

फोटोंची एवढी काळजी करू नका. सगळे परत काढायचे म्हटलं तर दोन वर्षं जातील. चाळीसांतल्या वीसांचे काढा, खिडकीशी, सकाळी, ट्यूबलाइट बंद करून. स्टीलचं ताट चमकतं, त्याऐवजी पितळी किंवा मातीचं घ्या. भरीत फोटोत कधीच देखणं दिसत नाही, त्याच्या नादी लागू नका; काड्यांच्या जाळावर वांगी भाजतानाचा तुमचा जुना धुरकट फोटो आहे, तोच वर ठेवा, तो सुंदर आहे. फोनमधला फोटो जसाच्या तसा चढवू नका. रुंदी साधारण १२०० पिक्सेल करा, वेबपी साच्यात साठवा, चार एमबीचा फोटो दीडेकशे केबीत बसतो. आणि प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये दिलेली असू द्या, म्हणजे मजकूर टुणकन उडी मारणार नाही. गूगलचा दंडक असा आहे की पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. जाऊबाईंच्या फोनवर मी मनात अकरापर्यंत मोजलं.

आता लाइफस्टाइल. खरं बोलू? साड्यांचे सहा लेख आणि केसांच्या तेलाचे नऊ लेख वाचताना मला तुम्ही कुठे दिसलाच नाहीत. ते कुणीही, कुठेही बसून लिहू शकलं असतं. तेलाचे निदान चार तरी कंपनीकडून बाटल्या घेऊन लिहिलेले असावेत, असा मला दाट संशय आहे. तसं असेल तर वर स्पष्ट 'जाहिरात' लिहा. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ साली याचे नियम काढलेत, आणि फुकट मिळालेली वस्तूही त्यात येते. किंवा सरळ काढून टाका. साइटवरून काही उडवायचंच असेल तर हे उडवा, भाच्याचाही मान राहील.

त्यांच्या जागी लिहायला तुमच्याकडे केवढं पडलंय! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा तुम्ही घर कसं सांभाळता? दुपारी स्वयंपाक किती वाजेपर्यंत उरकता? कूलरचा वाळा कधी बदलता? गच्चीवर गाद्या कधीपासून टाकता आणि पहिल्या वळवाला त्या घेऊन कसे पळता? नळाला पाणी ज्या दिवशी येतं त्या दिवसाचं वेळापत्रक काय असतं? बिबड्या वाळत घातलेल्या असताना वावटळ आली तर? नंदुरबारकडून मिरची आणता ती कोणती, किती, आणि वर्षभर कशात ठेवता? आखाजीला माहेरी आलेल्या लेकींचा झोका कुठल्या झाडाला बांधतात, आणि ते झाड तोडलं गेलं त्या गल्लीत आता काय करतात? ही आपली लाइफस्टाइल. यावर तुमचे मिळून तीन लेख आहेत आणि त्यातला गच्चीवरच्या झोपेचा मी दोनदा वाचला.

पैशांचं थोडक्यात. साठ हजार द्यायची गरज मला दिसत नाही. हलका, मराठी नीट दाखवणारा तयार साचा, पाककृतींचं एक प्लगइन आणि भाच्याचे चार रविवार एवढ्यात हे बसतं. काम चालत्या साइटवर करू देऊ नका, तिची नक्कल बाजूला उभी करून तीवर करायला सांगा, तुम्ही पाहून हो म्हटल्यावर मग अदलाबदल. आणि आजच्या आज एक बघा: साइटचं नाव कुणाच्या ईमेलवर नोंदवलंय? माझ्या ओळखीच्या एका बाईंचं नाव काम करणाऱ्या मुलानेच स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो नोकरी बदलून गेला, ईमेल बंद झाला, आणि मुदत संपल्याची सूचना कुणालाच मिळाली नाही. नाव तुमच्या ईमेलवर, पासवर्ड तुमच्या वहीत. भाचा कितीही गुणी असला तरी.

बदल कधी करायचा हेही ठरवून टाका. आत्ता नको, रस चालू आहे, फजिता शोधत लोक येताहेत. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, त्याच्या आधी आठ-दहा दिवस रोटांची विचारणा सुरू होते. मधला आषाढ रिकामा आहे. आषाढाच्या पहिल्या आठवड्यात अदलाबदल करा, म्हणजे काही मोडलं तर श्रावणापर्यंत निस्तरायला दिवस मिळतील. अदलाबदल झाल्यावर पहिले आठ दिवस रोज सकाळी वहीतली चाळीस पानं जुन्या पत्त्यावरून उघडून पाहा. चहा होईपर्यंत होतं.

आणि त्याआधी कृतीची चौकट तयार झाली की पान पाठवा. जाऊबाईंनी फ्रीजरमध्ये रस ठेवलाय. परवाच्या फजित्यात मीठ त्यांनी आपल्या मनानेच उकळी आल्यावर टाकलं आणि आता दोन दिवस विचारताहेत की तुम्ही केव्हा टाकता.